घाई नसलेली माणसं

बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या शैक्षणिक दूरचित्रवाणी केंद्रावर १९६२ साली पुस्तकांविषयी एक कार्यक्रम चालत असे. एक प्राध्यापक लेखकाला समोर बसवून प्रश्न विचारत, लेखक उत्तरं देत. बघणारे मोजके, पण नेमाने बघणारे. त्या वर्षाच्या सुरुवातीला एका जाडजूड पाकपुस्तकाच्या लेखिका पाहुण्या म्हणून आल्या. वय एकोणपन्नास, उंची सहा फुटांच्या वर, आवाज मधेच चढणारा, मधेच घरंगळणारा. येण्याआधी त्यांनी निरोप धाडला होता, की स्टुडिओत विजेची एक शेगडी लागेल. मग कॅमेऱ्यासमोर त्यांनी अंडी फोडली, फेटली, तवा तापवला आणि गप्पा मारता मारता ऑम्लेट करून दाखवलं. नंतर केंद्राकडे २७ पत्रं आली. मागणी एकच : या बाईंना परत बोलवा, आणखी काही करायला सांगा.

त्या बाई म्हणजे ज्युलिया चाइल्ड. अमेरिकेतल्या सार्वजनिक प्रसारणाचा इतिहास कायदे, समित्या आणि अनुदानाच्या आकड्यांमधून सांगता येतो आणि बहुधा तसाच सांगितला जातो. पण १९६२ ते १९७५ या काळात ते प्रसारण लोकांच्या घरात रुजलं ते काही निवेदकांमुळे, आणि यातल्या बहुतेकांना व्यावसायिक वाहिन्यांनी दारातही उभं केलं नसतं. पन्नाशीला टेकलेली गृहिणी, बाहुल्या खेळवणारा धर्मोपदेशक, बसगाड्यांच्या धंद्यात बुडालेल्या बापाचा मुलगा. त्यांच्यात एक गोष्ट समान होती. त्यांना घाई नव्हती. ही सवड जितकी त्यांच्या स्वभावातून आली, तितकीच त्यांच्या केंद्रांच्या गरिबीतून आली.

मिनिटाचा भाव

ब्रिटनमध्ये बीबीसी परवाना-शुल्कावर उभी राहिली. आपल्याकडे आकाशवाणी आणि दूरदर्शन सरकारी खात्याच्या पोटातून आले. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं तेव्हा या शहरात पडद्यावर दुसरं काही दिसतच नव्हतं. अमेरिकेत सगळं उलटं. तिथे रेडिओ आणि दूरचित्रवाणी सुरुवातीपासून खासगी कंपन्यांकडे. एनबीसी, सीबीएस आणि एबीसी या तिघींनी पडदा व्यापलेला, आणि त्यांचा धंदा प्रेक्षकांचा वेळ जाहिरातदारांना विकण्याचा.

१९५२ मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २४२ वाहिन्या बिगर-व्यावसायिक, शैक्षणिक वापरासाठी राखून ठेवल्या. जागा मिळाली, पण पैशाची सोय कुणीच केली नाही. कुठे विद्यापीठ, कुठे शाळा मंडळ, कुठे गावातले देणगीदार, वरून फोर्ड फाउंडेशनचा हात, अशा जुळवाजुळवीतून एकेक केंद्र उभं राहिलं. १९६१ मध्ये त्याच कमिशनचे अध्यक्ष न्यूटन मिनो यांनी प्रसारकांच्या अधिवेशनात त्यांच्या तोंडावर सांगितलं, की एक दिवसभर स्वतःचीच वाहिनी बघत बसा, म्हणजे तुम्हाला अफाट उजाड रान दिसेल. भाषण देशभर गाजलं. पण व्यावसायिक वाहिन्यांचं गणित भाषणाने बदलणारं नव्हतं. तिथे मिनिटाला भाव होता, आणि ज्याला भाव असतो ते कुणी रिकामं ठेवत नाही. शैक्षणिक केंद्रांवरच्या मिनिटाला गिऱ्हाईकच नव्हतं. म्हणून तिथे पैशाची चणचण आणि वेळेची चैन एकत्र नांदत होती.

उसन्या स्वयंपाकघरात

ज्युलिया चाइल्ड यांचं आयुष्य तोवर सरळ रेषेत गेलेलं नव्हतं. जन्म १९१२ चा, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना गावचा. दुसऱ्या महायुद्धात त्या अमेरिकी गुप्तचर संघटनेच्या कचेरीत लागल्या. नेमणूक सिलोनमध्ये, कँडीला. काम गोपनीय कागदपत्रांची नोंद ठेवण्याचं. तिथेच पॉल चाइल्ड भेटले. युद्धानंतर लग्न, १९४८ मध्ये पॉल यांच्या नोकरीमुळे पॅरिस, आणि सदतिसाव्या वर्षी कॉर्दों ब्लू या पाकशाळेत प्रवेश. सिमोन बेक आणि लुईझेत बेर्तोल या दोन फ्रेंच मैत्रिणींबरोबर लिहिलेलं पुस्तक पूर्ण व्हायला वर्षानुवर्षं लागली. ते १९६१ मध्ये छापून आलं.

पत्रं बघून डब्ल्यूजीबीएचने त्यांना तीन नमुना भाग करायला सांगितले. पण केंद्राकडे स्टुडिओच नव्हता. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये तो आगीत जळाला होता. नमुना भाग एका गॅस कंपनीच्या जागेत झाले. मालिकेसाठी केंब्रिजच्या वीज कंपनीचं प्रात्यक्षिकांचं स्वयंपाकघर मिळालं. यंत्रसामग्री एका जुन्या बसमध्ये बसवलेली. दिग्दर्शक रसेल मोरॅश जेमतेम सव्वीस वर्षांचा. मानधन भागाला पन्नास डॉलर. सामानाची ने-आण पॉल करत आणि भांडीही तेच घासत.

११ फेब्रुवारी १९६३ ला ‘द फ्रेंच शेफ’ सुरू झाला. चित्रफीत कापून जोडणं तेव्हा महागाचं काम होतं, त्यामुळे अर्धा तास सलग चित्रण व्हायचं. हातून काही निसटलं तर ते तसंच प्रेक्षकांपर्यंत जाई. एका भागात बटाट्याचं धिरडं हवेत उडवून पलटताना त्याचा काही भाग ओट्यावर पडला. ज्युलियांनी तो उचलला, परत तव्यात दाबून बसवला आणि समजावलं, की उडवताना हात डळमळला की असं होतं, आणि स्वयंपाकघरात एकटंच असलं तर बघायला कोण येणार आहे! पुढे या प्रसंगाची दंतकथा झाली. बाईंनी अख्खी कोंबडी जमिनीवर पाडली आणि पुसून पाहुण्यांना वाढली, असं लोक डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगू लागले. कोंबडी कधीच पडली नव्हती.

पण दंतकथा अशाच माणसांच्या होतात. तोवर पडद्यावरच्या गृहिणीच्या हातून काही सांडत नसे. ती साबणाच्या, पिठाच्या, फ्रिजच्या जाहिरातीतून थेट कार्यक्रमात आलेली असे. ज्युलिया चाइल्ड यांना विकायचं काही नव्हतं. त्यांनी कुठल्याही वस्तूची जाहिरात केली नाही आणि वस्तूंच्या वेष्टनांवर नाव लावायला नकार दिला. पाव भाजायला जितका वेळ लागतो तितका लागतो, हे त्या चेहऱ्यावर आठी न आणता सांगत. १९६६ मध्ये त्यांना एमी पुरस्कार मिळाला आणि ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर त्यांचं चित्र झळकलं. शैक्षणिक केंद्रावरही लोकांना आवडणारं माणूस उभं राहू शकतं, याचा तो पहिला मोठा पुरावा होता.

बुटांचा आवाज

दुसरा पुरावा पिट्सबर्गला तयार होत होता, आणि त्याची तयारी दहा-बारा वर्षं आधीपासून चालली होती.

फ्रेड रॉजर्स पेनसिल्व्हेनियातल्या लॅट्रोब गावच्या सधन घरातले. संगीतरचनेची पदवी घेतली, पुढे धर्मशास्त्र शिकायचा बेत होता. १९५१ मध्ये आईवडिलांच्या घरी आलेल्या नव्या दूरचित्रवाणी संचावर त्यांनी माणसं एकमेकांच्या तोंडावर खाण्याचे पदार्थ फेकताना पाहिली. इतकं चांगलं साधन आणि त्याचा असा उपयोग, म्हणून ते चिडले. आणि चिडून त्यांनी त्याच धंद्यात उडी घेतली. न्यूयॉर्कला एनबीसीत मंचव्यवस्थापनाचं काम केलं. १९५३ मध्ये ती चांगली नोकरी सोडून ते डब्ल्यूक्यूईडी या अजून सुरूही न झालेल्या पिट्सबर्गच्या केंद्रात दाखल झाले. लोकवर्गणीवर चालणारं ते देशातलं पहिलं केंद्र.

१९५४ पासून तिथे ‘द चिल्ड्रन्स कॉर्नर’ हा मुलांचा कार्यक्रम सुरू झाला. समोर जोझी केरी गाणार-बोलणार. पडद्यामागे रॉजर्स बाहुल्या हलवणार, ऑर्गन वाजवणार, संगीत देणार. प्रसारण थेट. मधे फुकट मिळवलेले जुने माहितीपट लावायचे, आणि ते जुने असल्यामुळे तुटायचे. फीत जोडून होईतो काय करायचं? बाहुल्यांनी बोलायचं. उद्घाटनाच्या आदल्या रात्री केंद्राच्या व्यवस्थापक डोरोथी डॅनियल यांनी वाघाची एक छोटी बाहुली भेट दिली होती. तो डॅनियल वाघोबा पहिल्याच दिवशी घड्याळाच्या चित्रातून डोकं काढून बोलू लागला आणि पुढची सुमारे पन्नास वर्षं रॉजर्स यांच्या हातावर राहिला. ऑर्गनपासून बाहुल्यांपर्यंत धावताना चामडी बूट वाजतात, म्हणून रॉजर्स कापडी बूट घालू लागले. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमात रोज घरी येऊन बूट बदलण्याचा जो विधी लाखो मुलांना पाठ झाला, त्याचं मूळ या तोकड्या स्टुडिओत होतं.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ते धर्मशास्त्राच्या वर्गांना जात. १९६३ मध्ये प्रेस्बिटेरियन चर्चने त्यांना दीक्षा दिली ती एका वेगळ्याच कामासाठी : दूरचित्रवाणीतून मुलांची आणि कुटुंबांची सेवा. त्याच वर्षी कॅनडाच्या सीबीसीने त्यांना टोरंटोला बोलावलं. तिथल्या मुलांच्या विभागाचे प्रमुख फ्रेड रेन्सबेरी यांनी आग्रह केला, की आता पडद्यामागे राहू नका, स्वतः समोर या. काही वर्षांनी रॉजर्स पिट्सबर्गला परतले आणि १९ फेब्रुवारी १९६८ पासून ‘मिस्टर रॉजर्स नेबरहूड’ देशभर दिसू लागला.

कार्यक्रमाची चाल मुद्दाम संथ होती. बालमानसशास्त्रज्ञ मार्गारेट मॅकफार्लंड यांच्याशी रॉजर्स संहितेतल्या शब्दाशब्दाची चर्चा करत. एकदा त्यांनी मिनिटाचं घड्याळ लावलं आणि मिनिट म्हणजे नेमकं किती, हे मुलांना कळावं म्हणून ते पूर्ण मिनिटभर गप्प बसले. व्यावसायिक वाहिनीवर तेवढ्या वेळात दोन जाहिराती विकल्या गेल्या असत्या. माशांना खाऊ घालताना ‘मी आता माशांना खायला देतोय’ असं ते मोठ्याने सांगत, कारण एका अंध मुलीला काळजी वाटत होती, की मासे उपाशी तर राहत नाहीत ना.

संथपणा म्हणजे गोडगोड बोलणं, असा मात्र त्यांचा समज नव्हता. जून १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली तेव्हा रॉजर्स यांनी काही दिवसांत खास कार्यक्रम केला, आणि त्यात डॅनियल वाघोबाने हत्या म्हणजे काय, हे विचारलं. मे १९६९ मध्ये, काळ्या माणसांना पोहण्याच्या तलावांतून हाकलल्याच्या घटना ताज्या असताना, रॉजर्स यांनी प्लॅस्टिकच्या लहानशा टबात पाय सोडले आणि कार्यक्रमात पोलीस अधिकाऱ्याची भूमिका करणाऱ्या फ्रांस्वा क्लेमन्स या काळ्या गायकाला शेजारी बसून पाय बुडवायला बोलावलं. भाषण नाही, घोषणा नाही. त्याच क्लेमन्स यांनी पुढे आत्मकथनात लिहिलं, की आपण समलिंगी आहोत हे जगाला कळू न देण्याची अट आपल्यावर होती, कारण कार्यक्रमाचे पैसेवाले बिथरले असते. शेजार सर्वांचा होता, पण त्याचंही भाडं कुणीतरी भरत होतं.

सिनेटची साक्ष

या भाड्याचा प्रश्न तोवर वॉशिंग्टनला पोचला होता. जानेवारी १९६७ मध्ये कार्नेगी आयोगाने शैक्षणिक केंद्रांसाठी नवी व्यवस्था सुचवली आणि तिला ‘सार्वजनिक दूरचित्रवाणी’ असं नाव दिलं. आयोगाची एक शिफारस कळीची होती. दूरचित्रवाणी संचांवरच्या उत्पादनशुल्कातून स्वतंत्र निधी काढावा, म्हणजे दरवर्षी कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. काँग्रेसने बाकी बरंच स्वीकारलं आणि नेमकी हीच गोष्ट वगळली. ७ नोव्हेंबर १९६७ ला अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी पब्लिक ब्रॉडकास्टिंग कायद्यावर सही केली. कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग स्थापन झालं, पण त्याची थैली काँग्रेसच्या मंजुरीवर लटकत राहिली.

१ मे १९६९ ला सिनेटच्या दळणवळण उपसमितीपुढे २ कोटी डॉलरचा प्रश्न होता. निक्सन प्रशासन नवं होतं आणि हात आखडता घेत होतं. समितीचे अध्यक्ष ऱ्होड आयलंडचे जॉन पास्तोरे, बोलायला फटकळ. साक्षीदारांनी लेखी निवेदनं वाचून दाखवल्याने ते कंटाळलेले. रॉजर्स यांनी आपलं निवेदन बाजूला ठेवलं आणि मुलांशी बोलतात त्याच संथ लयीत बोलायला लागले. आपला एक भाग ६,००० डॉलरमध्ये होतो आणि तेवढ्या पैशात दोन मिनिटांचं व्यंगचित्रही होत नाही, असं सांगितलं. मुलाला राग आला तर त्या रागाचं काय करावं, याविषयीच्या आपल्या एका गाण्याचे शब्द चाल न लावता म्हटले. सगळं मिळून सहा-सात मिनिटं. पास्तोरे म्हणाले, अंगावर काटा आला. आणि शेवटी, तुम्ही २ कोटी डॉलर कमावलेत असं दिसतंय.

या साक्षीची चित्रफीत आज जगभर फिरते आणि एका सज्जन माणसाने कठोर राजकारण्याचं मन वितळवलं, अशी तिची गोष्ट सांगितली जाते. गोष्ट खोटी नाही, पण अपुरी आहे. पास्तोरे मुळात सार्वजनिक प्रसारणाच्या बाजूचे होते. १९६७ चा कायदा त्यांच्याच उपसमितीतून पुढे गेला होता. त्यांना पटवायची गरज नव्हती. इतरांना सांगता येईल असं काहीतरी त्यांना हवं होतं, आणि रॉजर्स यांनी ते दिलं. त्या सकाळी एक गोष्ट ठरून गेली. संस्था स्वतःची बाजू मांडू शकत नाही, तिची बाजू निवेदकाचा चेहरा मांडतो. पुढच्या प्रत्येक संकटात सार्वजनिक प्रसारणाने कुणाचा ना कुणाचा चेहरा पुढे केला.

रेडिओची पाळी दोन वर्षांनी आली. ३ मे १९७१ ला नॅशनल पब्लिक रेडिओचा ‘ऑल थिंग्ज कन्सिडर्ड’ सुरू झाला. १९७२ मध्ये सुझन स्टॅमबर्ग त्याच्या सहनिवेदक झाल्या. देशव्यापी रोजच्या बातमीपत्राचं निवेदन पूर्णवेळ करणारी अमेरिकेतली ही पहिली स्त्री. केंद्रांच्या काही व्यवस्थापकांना धास्ती होती, की बाईच्या आवाजाला वजन येणार नाही, आणि त्यांचा न्यूयॉर्की सूर लोकांना खटकेल. कार्यक्रमाचे जनक बिल सीमरिंग यांनी सल्ला दिला, की तुम्ही जशा आहात तशाच बोला. लिंडा वर्टहायमर, नीना टोटेनबर्ग, कोकी रॉबर्ट्स याही त्याच दशकात तिथे नावारूपाला आल्या. कारण फारसं उदात्त नव्हतं. पगार इतका कमी होता, की अनुभवी पुरुष तिकडे फिरकत नसत. गरिबीने इथेही दार उघडलं.

पगार आणि नकाराधिकार

गरिबी जिथे दिसली नाही, तिथे मात्र वादळ उठलं. १९७१ मध्ये सार्वजनिक दूरचित्रवाणीने वॉशिंग्टनमधून राष्ट्रीय घडामोडींचे कार्यक्रम करायचं ठरवलं आणि सँडर व्हॅनोकर व रॉबर्ट मॅकनील या दोन नामांकित पत्रकारांना घेतलं. व्हॅनोकर यांचा वार्षिक पगार ८५,००० डॉलर आणि मॅकनील यांचा ६५,००० डॉलर असल्याचं बाहेर आलं. तेव्हा काँग्रेस सदस्याला ४२,५०० डॉलर मिळत. निक्सन यांना हे दोघेही आपले शत्रू वाटत होते, आणि पगाराच्या आकड्याने त्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. ३० जून १९७२ ला त्यांनी सार्वजनिक प्रसारणाच्या निधीचं विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठवलं. कॉर्पोरेशनचे अध्यक्ष जॉन मेसी यांनी राजीनामा दिला. राजकीय घडामोडींचे कार्यक्रम आता बंद पडणार, असं दिसू लागलं.

आणि मग निक्सन यांच्या सरकारवर शेकणारं वॉटरगेट प्रकरण आलं. १७ मे १९७३ ला सिनेटर सॅम एर्विन यांच्या समितीची सुनावणी सुरू झाली. तिन्ही व्यावसायिक वाहिन्यांनी आधी थेट प्रसारण केलं, पण दिवसाचे कार्यक्रम बुडाल्याने जाहिरातींचं उत्पन्न बुडत होतं. जूनमध्ये त्यांनी पाळ्या लावल्या : एका दिवशी एकीने दाखवायचं, बाकीच्या दोघींनी आपला धंदा बघायचा. सार्वजनिक दूरचित्रवाणीला बुडवायला धंदाच नव्हता. त्यांनी दिवसा तर दाखवलंच, शिवाय कामावरून घरी आलेल्यांसाठी रात्री अख्खी सुनावणी पुन्हा लावली. हे करावं की नाही यावर केंद्रांचं मत घेतलं होतं आणि होकार अगदी काठावरचा होता. सगळं मिळून सुमारे अडीचशे तासांचं प्रसारण झालं.

निवेदकांच्या खुर्चीत होते रॉबर्ट मॅकनील आणि जिम लेहरर. मॅकनील कॅनडाचे, माँट्रियलला जन्मलेले, लंडनहून बातम्या पाठवून तयार झालेले. लेहरर कॅन्सासचे. त्यांच्या वडिलांनी छोटी बस कंपनी काढली होती, ती टिकली नाही. मुलाने शिकत असताना बसस्थानकावर गाड्या पुकारण्याचं काम केलं आणि जन्मभर बसगाड्यांच्या जुन्या पाट्या जमवल्या. २२ नोव्हेंबर १९६३ ला, जॉन केनेडी यांची हत्या झाली त्या दिवशी, दोघेही डॅलसमध्ये वार्ताहर म्हणून हजर होते आणि एकमेकांना ओळखतही नव्हते.

पहिल्या रात्री लेहरर यांनी प्रेक्षकांना सांगितलं, की ही सुनावणी महत्त्वाची आहे, ती आम्ही पूर्ण दाखवणार आहोत, निवाडा तुम्ही करा. वेळ विकाऊ नसल्याचा अर्थ एवढ्या स्पष्टपणे कुणी सांगितला नव्हता. ज्युलियाबाईंच्या पावाला आणि रॉजर्स यांच्या मिनिटाला जी सवड मिळाली, तीच आता साक्षीदाराच्या अडखळण्याला मिळाली. प्रश्नाचं उत्तर देण्याआधी माणूस किती वेळ थांबतो, वकिलाकडे बघतो का, पाणी पितो का, हे लोकांनी कापाकापीशिवाय पाहिलं. केंद्रांकडे हजारो पत्रं आली आणि देणग्यांची रक्कम वाढली. ज्या सरकारने बातम्यांचे कार्यक्रम आवळायला घेतले, त्याच सरकारच्या चौकशीने त्या कार्यक्रमांना पाय दिले. निक्सन ऑगस्ट १९७४ मध्ये पायउतार झाले.

१९७५ मध्ये दोन गोष्टी झाल्या. मॅकनील यांचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला, वॉशिंग्टनच्या बाजूने लेहरर त्यात आले आणि पुढच्या वर्षी तो दोघांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. अर्ध्या तासात एकच विषय, हा त्याचा नियम. १९८३ मध्ये त्याचा तासाभराचा ‘न्यूजअवर’ झाला. दुसरी गोष्ट, वर्षाच्या अखेरच्या दिवशी अध्यक्ष फोर्ड यांनी निधी काही वर्षं आगाऊ ठरवण्याच्या कायद्यावर सही केली. हात पसरणं संपलं नाही, पण दरवर्षीची धाकधूक कमी झाली.

बिनपगारी चित्रकार

पुढच्या पिढीत या परंपरेचं सर्वांत टोकाचं उदाहरण निघालं बॉब रॉस. वीस वर्षं हवाई दलात, त्यातली बरीच अलास्कात. सार्जंट म्हणून हाताखालच्यांवर ओरडून ओरडून कंटाळले, आणि नोकरी सुटल्यावर आवाज चढवायचा नाही असं त्यांनी ठरवलं. ११ जानेवारी १९८३ ला ‘द जॉय ऑफ पेंटिंग’ सुरू झाला. बहुतेक भाग इंडियानातल्या मन्सी गावच्या छोट्या केंद्रात चित्रित झाले. काळी पार्श्वभूमी, एक फळी, एक माणूस. १९९४ पर्यंत ४०३ भाग झाले आणि रॉस यांनी त्यांचं मानधन घेतलं नाही. चरितार्थ रंग, कुंचले आणि शिकवण्यांवर चाले. प्रत्येक भागासाठी एका चित्राच्या तीन प्रती होत : एक आधी, नमुन्याला, एक कॅमेऱ्यासमोर, एक नंतर, पुस्तकासाठी. १९९५ मध्ये, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी ते गेले.

रॉजर्स यांनी २००१ पर्यंत कार्यक्रम केला. १९९७ मध्ये जीवनगौरवाचा एमी स्वीकारताना, चमचमत्या कपड्यांतल्या तारेतारकांना त्यांनी दहा सेकंद गप्प बसायला सांगितलं, आपल्याला घडवणाऱ्या माणसांची आठवण काढायला. आणि स्वतः मनगटावरचं घड्याळ बघत राहिले. व्यावसायिक दूरचित्रवाणीच्या घरात जाऊन तिचाच वेळ त्यांनी असा रिकामा ठेवला. २००३ मध्ये त्यांचं निधन झालं, २००४ मध्ये ज्युलिया चाइल्ड यांचं. लेहरर २०२० मध्ये गेले, मॅकनील २०२४ मध्ये, स्टॅमबर्ग २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये.

स्टॅमबर्ग गेल्या तोवर त्यांच्या नभोवाणीखालची जमीन सरकली होती. १ मे २०२५ ला, रॉजर्स यांच्या साक्षीला बरोबर ५६ वर्षं झाली त्याच तारखेला, अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सार्वजनिक प्रसारणाचा सरकारी पैसा थांबवण्याच्या आदेशावर सही केली. जुलैमध्ये काँग्रेसने दोन वर्षांसाठी आधीच मंजूर झालेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला कॉर्पोरेशनने आपला कारभार गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आगाऊ मंजुरीचं १९७५ चं कवच पन्नास वर्षांनी एका मतदानात गळून पडलं. यावेळीही रॉजर्स यांची ती जुनी चित्रफीत हातोहात फिरली. उपयोग झाला नाही. चेहरा वकिली करू शकतो, पण समोर ऐकून घेणारा पास्तोरे असावा लागतो. आणि चेहऱ्याच्या पुण्याईवर चालणाऱ्या संस्थेला आयोगाने सांगितलेला तो कायमचा निधी कुणी कधीच मिळवून दिला नव्हता.

त्याच वर्षी बॉब रॉस यांची ३० चित्रं लिलावात विकून पैसा सार्वजनिक केंद्रांना देण्याची घोषणा झाली. ज्या माणसाने ४०३ भाग फुकट केले, त्याची चित्रं आता त्याच केंद्रांना तगवायला निघाली. सार्वजनिक प्रसारणाचा हिशेब पहिल्यापासून असाच मांडलेला होता. देशाने या निवेदकांचा वेळ घेतला, त्यांच्या सवडीवर दोन पिढ्या वाढवल्या, आणि किंमत चुकवायचं काम बहुतेक वेळा निवेदकांवरच सोडलं.